अनुभवी खेळाडूंची भरती, फुटबॉलमधील

घसरणीला लागलेल्या किंवा वरच्या श्रेणीत जाऊ पाहणाऱ्या संघाच्या कामगिरीत त्वरित सुधारणा व्हावी, या हेतूने व्यवस्थापकाने तिशीच्या आसपास पोहोचलेले किंवा ती ओलांडलेले व वरच्या दर्जाच्या सामन्यांत मुरलेले खेळाडू इतर क्लबांकडून मिळविण्याचे धोरण. क्लबच्या शाळेत मुले घडविणे किंवा विशीतील होतकरू खेळाडू विकत घेऊन त्यांची वाट पाहणे, या दोन मार्गांहून हा मार्ग वेगळा आहे. त्यात खेळाडूच्या भावी मूल्याचा विचार नसतो. चालू हंगामात व फार तर पुढील दोन हंगामांत तो काय देईल, एवढाच हिशेब असतो. हे धोरण सर्व देशांत आढळत असले, तरी त्याचे सर्वांत बोधप्रद प्रयोग इंग्लंडमधील लीग स्पर्धेत झाले. तेथे हंगामाच्या अखेरीस तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात व खालच्या श्रेणीतील अग्रेसर संघ वर चढतात. त्यामुळे एका वाईट हंगामाची किंमत मोठी असते आणि व्यवस्थापकाला फारसा अवधी मिळत नाही.

वय व खेळ यांचा संबंध सरळ नाही. थोड्या अंतरातील वेग, अचानक दिशा बदलण्याची क्षमता आणि एका सामन्यानंतर पुढील सामन्यासाठी शरीर पूर्ववत होण्याचा वेग या गोष्टी तिशीच्या आसपास उतरू लागतात. याउलट चेंडू कोठे येणार याचा अंदाज, योग्य जागी आधीच उभे राहण्याची सवय, सहकाऱ्यांना वेळीच सूचना देणे आणि आघाडी मिळाल्यावर खेळाची गती मंद करणे ही कौशल्ये त्यानंतरही वाढत राहू शकतात. म्हणून गोलरक्षक व बचावफळीच्या मध्यभागी खेळणारे खेळाडू दीर्घकाळ टिकतात. मधल्या फळीत चेंडूचे वाटप करणाऱ्यांचे आयुष्यही बरेच लांब असते. कडेने धावणारे विंगर मात्र लवकर मावळतात. या नियमाला अपवाद आहेत आणि सर्वांत मोठा अपवाद पुढे येणारच आहे. अनुभवी खेळाडू घेताना व्यवस्थापक वस्तुतः त्याचे पाय विकत घेत नसतो, तर त्याची जाण विकत घेतो. ती जाण कामी यावी, यासाठी त्याच्या वाट्याचे धावणे दुसऱ्या कोणीतरी करावे लागते. ही व्यवस्था ज्यांनी आधी केली, त्यांचे प्रयोग बहुधा यशस्वी झाले; ज्यांनी केवळ नावे गोळा केली, त्यांचे फसले.

स्टोक सिटीचा प्रयोग : चिनी मातीची भांडी व कोळशाच्या खाणी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरातील स्टोक सिटी हा क्लब १९५३ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि दुसऱ्या श्रेणीतच रुतून बसला. जून १९६० मध्ये टोनी वॉडिंग्टन (१९२४–९४) याची व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा तो पस्तिशीचा होता. त्याच्या पहिल्या हंगामात (१९६०–६१) संघ अठराव्या स्थानावर राहिला. मैदानावरील गर्दी रोडावत चालली होती व क्लबकडे पैसा नव्हता. वॉडिंग्टनने आरंभ बचावापासून केला. त्याने संघाच्या मागील भागात खेळाडूंची इतकी दाट रचना केली की, वृत्तपत्रांनी तिला ‘वॉडिंग्टनची भिंत’ असे नाव दिले. त्याच्या नंतरच्या कीर्तीमुळे ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. वृद्ध खेळाडू आणण्यापूर्वी त्याने त्यांच्या पाठीमागची बाजू पक्की करून ठेवली होती.

ऑक्टोबर १९६१ मध्ये त्याने स्टॅन्ली मॅथ्यूज (१९१५–२०००) याला ब्लॅकपूल क्लबकडून परत आणले. मॅथ्यूज हा मूळचा याच शहराचा. तो याच क्लबात वाढला होता आणि १९४७ मध्ये त्याला ११,५०० पौंडांस ब्लॅकपूलला विकण्यात आले, तेव्हा शहराला ते फार लागले होते. आता तो ४६ वर्षांचा होता आणि ब्लॅकपूलच्या संघातील त्याचे स्थान डळमळीत झाले होते. त्याच्यासाठी द्यावी लागलेली रक्कम अवघी काही हजार पौंड होती. ती वसूल होण्यास एकच सामना पुरला. त्याच्या आगमनापूर्वीच्या घरच्या सामन्यास ८,४०९ प्रेक्षक आले होते. हडर्सफील्ड टाउनविरुद्धच्या त्याच्या पहिल्या सामन्यास ३५,९७४ आले. वॉडिंग्टनच्या डावपेचातील अर्थशास्त्र या दोन आकड्यांत सामावलेले आहे. जुना नामांकित खेळाडू स्वस्तात मिळतो, तो प्रेक्षक आणतो, प्रेक्षकांच्या पैशातून पुढचा खेळाडू येतो, आणि चांगल्या खेळाडूंच्या सहवासात इतर चांगले खेळाडू येण्यास राजी होतात.

पुढील खरेदी याच क्रमाने झाली. मॅथ्यूजचा ब्लॅकपूलमधील जुना साथीदार, स्कॉटिश आघाडीवीर जॅकी म्यूडी हा त्याच्याही आधी येऊन दाखल झाला होता. जानेवारी १९६२ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा डेनिस व्हायलेट (१९३३–९९) आला. १९५८ च्या म्यूनिक विमान अपघातातून तो वाचला होता व १९५९–६० च्या हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले होते. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा दक्षिण आफ्रिकी बचावपटू एडी स्टुअर्ट कर्णधार झाला. हंगाम निर्णायक टप्प्यावर आला असता, मार्च १९६३ मध्ये, बर्नलीच्या १९६० मधील विजेत्या संघाचा सूत्रधार जिमी मॅकिलरॉय (१९३१–२०१८) यास २५,००० पौंडांस घेण्यात आले. उत्तर आयर्लंडच्या या खेळाडूला बर्नलीने सोडावे, याचे त्या गावात आश्चर्य व संताप अशा दोन्ही प्रतिक्रिया उमटल्या.

या नामवंतांच्या भोवती धावण्याचे काम करणारे खेळाडू क्लबातच वाढलेले होते. टोनी अ‍ॅलन, एरिक स्कील्स व न थकता मैदानभर फिरणारा डॉन रॅटक्लिफ यांची नावे त्या काळच्या वर्णनांत मागे पडली. पण त्यांच्याविना हा डोलारा उभा राहिला नसता. मॅथ्यूजला मागे येऊन बचाव करावा लागत नसे. चेंडू थेट त्याच्या पायाशी पोहोचविला जाई. तो स्थिर उभा राहून प्रतिस्पर्ध्याला जवळ येऊ देई आणि मग पहिल्या काही पावलांतच त्याला मागे टाकी. विंगरचे आयुष्य वेगाबरोबर संपते, हा नियम त्याने अशा रीतीने चुकविला. कारण त्याचे शस्त्र लांब धाव हे नव्हतेच. आहार व व्यायाम यांबाबत तो अत्यंत कडक होता. तंबाखू व मद्य तर वर्ज्यच, शिवाय तो सोमवारी काही खात नसे. आपल्याकडे सोमवारच्या उपवासाचे काही वाटत नाही, परंतु इंग्लिश फुटबॉलपटूंमध्ये तो कुतूहलाचा विषय होता.

१९६२–६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये असाधारण थंडी पडून अनेक आठवडे सामने होऊ शकले नाहीत. थकलेल्या शरीरांना विश्रांती मिळाली खरी, पण राहिलेले सामने वसंतात दाटीने खेळावे लागले, आणि तेथे वयाची कसोटी होती. ११ मे १९६३ रोजी लंडनमध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यास ६६,१९९ प्रेक्षक उपस्थित होते. वर चढण्याच्या शर्यतीतील या दोन संघांच्या लढतीत मॅकिलरॉयच्या एकमेव गोलाने स्टोकला विजय मिळाला. एका आठवड्याने ल्यूटन टाउनला २–० असे हरवून संघाने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद व पहिल्या श्रेणीतील प्रवेश निश्चित केला. त्या सामन्यातील गोल म्यूडी व मॅथ्यूज यांचे होते. ४८ वर्षांच्या मॅथ्यूजचा लीगमधील तो त्या हंगामातील एकमेव गोल. त्या वर्षी फुटबॉल लेखकांच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान दिला. हाच मान १९४८ मध्ये प्रथम सुरू झाला, तेव्हाही त्यालाच मिळाला होता.

येथवरची कथा सर्वपरिचित आहे. धोरणाची खरी परीक्षा त्यानंतर होते, कारण एकाच वेळी आणलेले अनुभवी खेळाडू जवळजवळ एकाच वेळी संपतात. पहिल्या श्रेणीतील पहिल्या हंगामात स्टोकला सतरावे स्थान मिळाले. लीग करंडकाच्या १९६४ मधील अंतिम फेरीत ते लेस्टर सिटीकडून दोन सामन्यांत मिळून ४–३ असे हरले. मॅथ्यूजचा अखेरचा लीग सामना ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या पन्नाशीनंतर पाच दिवसांनी झाला. वॉडिंग्टनने मात्र झाडाची पाने गळण्याआधीच नवी पालवी शोधली होती, आणि ती पुन्हा त्याच जातीची होती. १९६६ मध्ये आर्सेनलचा जॉर्ज ईस्टम (१९३६–२०२४) व १९६७ मध्ये इंग्लंडच्या विश्वविजेत्या संघाचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स हे आले. ४ मार्च १९७२ रोजी लीग करंडकाच्या अंतिम सामन्यात स्टोकने चेल्सीला २–१ असे हरविले. १८६३ हे आपले स्थापना वर्ष मानणाऱ्या या क्लबचा तो पहिला मोठा करंडक होय. विजयी गोल पस्तीस वर्षांच्या ईस्टमने केला.

शेवट मात्र सुखाचा झाला नाही. १९७४ मध्ये गोलरक्षक पीटर शिल्टन याच्यासाठी ३,२५,००० पौंड मोजण्यात आले. गोलरक्षकासाठी तोवर कोणीही एवढी रक्कम दिली नव्हती. या वेळी खेळाडू तरुण होता व किंमत भारी होती, म्हणजे वॉडिंग्टनचा मूळ हिशेब उलटला होता. जानेवारी १९७६ मध्ये वादळाने मैदानाच्या एका प्रेक्षागाराचे छप्पर उडाले. दुरुस्तीच्या खर्चापायी जिमी ग्रीनहॉफ, अ‍ॅलन हडसन यांसारखे खेळाडू विकावे लागले. मार्च १९७७ मध्ये वॉडिंग्टनने पद सोडले आणि त्याच हंगामाअखेर स्टोक पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेले.

जागाबदल : स्टोकमध्ये इतरांनी धावून वृद्धांना सांभाळले, डार्बी काउंटीत अनुभवी खेळाडूची जागाच बदलण्यात आली. १९६७–६८ मध्ये डार्बी दुसऱ्या श्रेणीत अठरावे होते. जुलै १९६८ मध्ये व्यवस्थापक ब्रायन क्लफ (१९३५–२००४) याने टॉटनम हॉट्सपरच्या डेव्ह मकाय (१९३४–२०१५) याला ५,००० पौंडांत आणले. मकाय हा १९६१ मध्ये लीग व एफ. ए. करंडक एकाच हंगामात जिंकणाऱ्या टॉटनम संघाचा झुंजार हाफबॅक. तोवर त्याचा पाय दोनदा मोडला होता. आपल्याला आता मैदानभर धावता येणार नाही, ही त्याची शंका रास्तच होती. क्लफ व त्याचा साहाय्यक पीटर टेलर यांनी त्याला हाफबॅक म्हणून घेतलेच नव्हते. त्यांनी त्याला बचावफळीत, विशीतील रॉय मॅक्‌फार्लंडच्या शेजारी उभे केले. धावणे मॅक्‌फार्लंडने करावे आणि मकायने खेळ वाचावा, चेंडू ताब्यात घ्यावा व तरुणांना सतत बोलून मार्गी लावावे, अशी ती वाटणी होती. त्या हंगामात डार्बीने दुसरी श्रेणी जिंकली. १९७१ मध्ये मकाय गेला. १९७२ मध्ये डार्बी संपूर्ण लीगचे विजेते झाले, तेव्हा मॅक्‌फार्लंड हा बचावाचा आधारस्तंभ होता. मकायसाठी दिलेल्या ५,००० पौंडांत तीन वर्षांचे शिक्षणशुल्कही अंतर्भूत होते, असे म्हणता येईल.

१९६९ चा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मकायला विभागून मिळाला. त्याचा सहमानकरी टोनी बुक (१९३४–२०२५) हाही अशाच भरतीचे फळ होता. बाथ येथे गवंडीकाम करीत हौशी दर्जाच्या जवळपासचे फुटबॉल खेळणारा हा बचावपटू जवळजवळ तिशीत लीगमध्ये आला. १९६६ मध्ये मँचेस्टर सिटीचा साहाय्यक व्यवस्थापक माल्कम अ‍ॅलिसन याने त्याला प्लिमथहून आणण्याचे सुचविले, तेव्हा व्यवस्थापक जो मर्सर वयामुळे कचरला. मर्सर स्वतः १९४६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी एव्हर्टनहून आर्सेनलमध्ये गेला होता व त्यानंतर त्याने त्या संघाला दोनदा लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. अ‍ॅलिसनने त्याला याचीच आठवण करून दिली. बुकच्या नेतृत्वाखाली सिटीने १९६८ मध्ये लीग व १९६९ मध्ये एफ. ए. करंडक जिंकला.

याच परंपरेतील नंतरचे लक्षणीय उदाहरण लीड्स युनायटेडचे. १९८२ पासून दुसऱ्या श्रेणीत असलेल्या या संघात हॉवर्ड विल्किन्सन याने मार्च १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा बत्तीस वर्षांचा गॉर्डन स्ट्रॅकन आणला व त्याला कर्णधार केले. १९९० मध्ये लीड्सने दुसरी श्रेणी जिंकली. १९९२ मध्ये ते लीगचे विजेते झाले. स्ट्रॅकनच्या जोडीला मधल्या फळीत डेव्हिड बॅटी व गॅरी स्पीड हे क्लबचेच तरुण होते. तथापि लगेच पुढच्या हंगामात परक्या मैदानावर एकही लीग सामना न जिंकता हा संघ सतरावा आला. विजेता संघ एका वर्षात इतका ढासळावा, याची कारणे अनेक असली, तरी कळस गाठेपर्यंत वापरलेली माणसे कळसानंतर पुरत नाहीत, हे त्यांपैकी एक होय.

बाजाराचे नियम : या धोरणाचे स्वरूप खेळाडूंच्या कराराचे नियम बदलले तसतसे पालटत गेले. इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१ पर्यंत खेळाडूच्या साप्ताहिक वेतनावर २० पौंडांची कमाल मर्यादा होती, आणि करार संपल्यावरही क्लबला खेळाडूची नोंदणी अडवून ठेवता येत असे. पहिली मर्यादा खेळाडूंच्या संपाच्या धमकीने गेली. दुसऱ्या प्रथेला १९६३ मध्ये न्यायालयाने व्यापारस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरविले. हा खटला न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध लढणारा खेळाडू म्हणजे वर उल्लेखिलेला जॉर्ज ईस्टमच. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियन खेळाडू झाँ-मार्क बॉसमन याच्या खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे कोणतेही शुल्क न देता जाऊ लागला.

परिणामी अनुभवी खेळाडूची किंमत शुल्काकडून वेतनाकडे सरकली. पूर्वी तो स्वस्तात मिळे व मर्यादित वेतनात राही. आता तो पुष्कळदा फुकट मिळतो, पण भारी वेतनाचा व लांब मुदतीचा करार मागतो. तरुण खेळाडूवर केलेला खर्च त्याच्या पुनर्विक्रीतून काही अंशी परत येतो. तिशीपलीकडच्या खेळाडूच्या बाबतीत ती आशा नसते. खाली घसरलेल्या क्लबावर असे करार ओझे होऊन बसतात. शिवाय २००२–०३ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूंची अदलाबदल उन्हाळा व जानेवारी या दोनच मुदतींत करता येते. त्यामुळे संकटातील व्यवस्थापक जानेवारीत घाईने, विक्रेत्याच्या अटींवर खरेदी करतो.

या मार्गाने मिळालेल्या यशाचे ठळक उदाहरण इटलीतील आहे. सलग दोन हंगामांत सातव्या स्थानावर राहिलेल्या यूव्हेंटसने २०११ मध्ये मिलानने सोडलेल्या बत्तीस वर्षांच्या आंद्रेआ पिर्लो याला शुल्काविना घेतले व पुढील हंगामात एकही लीग सामना न हरता विजेतेपद मिळविले. पिर्लोच्या दोन्ही बाजूंस धावणारे तरुण मध्यरक्षक होते. उलट बाजूस लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सचा दाखला देता येतो. २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी पार्क जी-संग, झूलियो सेझार, झोझे बोसिंग्वा इ. मोठ्या क्लबांतून आलेल्या खेळाडूंची मोठी भरती केली. नोव्हेंबरमध्ये व्यवस्थापक मार्क ह्यूझ याला काढण्यात आले. पहिला लीग विजय सतराव्या सामन्यात मिळाला आणि २५ गुणांसह संघ तळाशी राहिला. यांतील एकेक खेळाडू कमी प्रतीचा नव्हता. कोणाचे उणे कोणी भरून काढायचे, याचा विचार झालेला दिसत नाही.

भारतात : इंडियन सुपर लीगच्या २०१४ मधील पहिल्या हंगामात प्रत्येक संघाने एखादा जगप्रसिद्ध परदेशी खेळाडू घ्यावा, अशी योजना होती. तीनुसार मुंबई सिटीत फ्रेडी ल्यूंगबेरी व निकोला अनेल्का, पुणे सिटीत दाव्हिद त्रेझेगे आणि एफसी गोवामध्ये रॉबेर पिरेस आले. यांपैकी बहुतेक कारकीर्दीच्या अखेरीस होते. काहींनी तर खेळणे थांबविलेही होते. ल्यूंगबेरी दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळला. या भरतीचा हेतू मुख्यतः प्रेक्षक आणणे हा होता. तो बऱ्याच अंशी साधला, परंतु तिला संघबांधणी म्हणणे कठीण आहे. मुंबई सिटी आठ संघांत सातवे आले.

याच शहराने पुढे दुसरा धडा दिला. २०१९–२० मध्ये पाचव्या स्थानावर राहिलेल्या मुंबई सिटीने सेर्हियो लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला नेमले. तो त्यापूर्वी एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. त्याने गोव्यातून अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस व मूळचा गोव्याचाच मंदार राव देसाई यांना आपल्याबरोबर आणले. यांतील जाहू व फॉल बत्तिशीचे होते. त्यांची नावे युरोपात फारशी कोणाला ठाऊक नव्हती, पण लोबेराची खेळपद्धती त्यांना पाठ होती. इतर संघांना जी समज येण्यास एक हंगाम लागतो, ती मुंबईला पहिल्याच सामन्यांपासून उपलब्ध झाली. महासाथीमुळे तो सारा हंगाम गोव्यातच खेळविण्यात आला. मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थानाची ढाल पटकाविली व १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानला २–१ असे हरवून करंडकही जिंकला. त्यानंतर लोबेरा व बूमूस दोघेही गेले आणि २०२१–२२ मध्ये संघ पुन्हा पाचवा आला. जाहू व फॉल राहिले; त्यांच्याभोवती लालेंगमाविया (अपुइया), लालियानझुआला छांगटे यांसारखे मिझोरमचे वेगवान तरुण उभे करून डेस बकिंगहॅम या नव्या प्रशिक्षकाने २०२२–२३ मध्ये ढाल परत मिळविली.